गारा म्हणजे राहते

धाडच्या स्टँडवर बुलढाण्याची गाडी लागली, तेव्हा आई भाजीचं दुकान शेजारणीवर सोपवून धावत आली. खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "तिकडे राहू नको वं. काम कर अन् वापस ये."

मी इस्रायलमधल्या हैफा शहरात आले. इथं मी मिर्याम आजींची देखभाल करते. त्या शाळेत बायबल शिकवायच्या. आता चालायला आधार लागतो. त्यांनीच मला पहिलं हिब्रू वाक्य शिकवलं, 'अनी गारा बे-हैफा.' मी हैफात राहते. दवाखान्यात, बसमध्ये, भाजी घेताना मी ते ऐटीत म्हणायची.

एकदा आजींनी बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली. दुष्काळ पडला म्हणून एक माणूस बायकामुलं घेऊन परमुलखात 'लागूर', म्हणजे राहायला, गेला. क्रियापद 'गारा'चंच! "पण तेव्हा त्याचा अर्थ नुसतं राहणं नव्हता," आजी म्हणाल्या. "परकं म्हणून राहणं. दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या मर्जीनं. हिब्रूत हीच मूळ अक्षरं 'भिणे' या अर्थानंही येतात. तुझ्या भाषेत काय म्हणशील?"

मी अडकले. 'राहणे'त परकेपणा येत नाही. 'मुक्काम' म्हटलं, तर तो सकाळी हलतो. 'उपरी' तर शिवीसारखं लागतं. त्या दिवसापासून ते सोपं वाक्य माझ्या तोंडातून सहज निघेना.

सुट्टीत धाडला गेले. आईनं नवी चादर काढली आणि मला गॅसजवळ येऊ दिलं नाही. भेटेल तो विचारी, "कवा आली? कवा चालली?" मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. मिर्याम आजींनी गोळ्या घेतल्या असतील का, हेच डोक्यात. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटी आईला तो शब्द सांगितला.

"गारा? तिकडे गारा पडल्या काय?"

भाजी विकणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार! मी हसत हसत अर्थ समजावला. ती मात्र हसली नाही. शेंगा निवडता निवडता थांबली.

"मंग मी बी गाराच आहो नं वं. लग्न होऊन धाडले आली, तुम्ही पोरं झाली, मोठी झाली. अजून लोकं मले वरवटवालीच म्हनतात."

हे मी लहानपणापासून ऐकत होते. तिला काय वाटतं, ते कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वरवट बकालला, तिच्या माहेरी गेले. मामींनी लगबगीनं खुर्ची पुसून दिली, चहा केला आणि मायेनंच विचारलं, "बाई, कवा निंगता?"

आईनं कप खाली ठेवला. "सांजच्या गाडीनं," म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरून बसली.

हैफाला परतले, तरी त्या क्रियापदाला मराठी शब्द सापडलेला नाही. जीवही अजून कुठं रमत नाही. पण कुणी 'घर' म्हटलं की आता धाड आठवत नाही, हैफाही नाही. वरवटच्या ओसरीवर मी आईजवळ बसलेली असते, आणि गाडीला अजून वेळ असतो.