दाजींचा ठेचा आणि अक्काचे डोळे

बायकोचा रक्तदाब उतरवण्यात आमच्या दाजींएवढा आनंद लुटलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले आणि मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत बसून आता करायचं काय, हा प्रश्न पडायच्या आतच डॉक्टरांनी अक्काला रक्तदाब असल्याचं सांगितलं. बढतीचा हुकूम हातात पडावा तसे दाजी घरी आले. आता ते नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की त्या संध्याकाळचा त्यांचा फोन आठवतो. "पाव्हणं, लसूण! आख्ख्या दुनियेचं औषध आपल्या टोपलीत पडलंय, अन् आपण बसलोय झोपा काढत!"

मी पुस्तकांत रमणारा, हळू बोलणारा माणूस. दाजींना हळू असं काही करताच येत नसे. गुलमंडीजवळ एका म्हाताऱ्या चाचांचं जडीबुटीचं दुकान होतं. तिथं ते दालचिनीचा एकेक तुकडा हुंगून निवडत आणि मागं खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना मेथीदाण्याचे गुण ऐकवत. चाचा शेवटी हात जोडत, "दाजी, दुकान मेरी है, मेरेकू भी कुछ बोलने दो!" गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी तुळस आणि ओवा लावला. खुलताबादच्या रस्त्यावरच्या एका शेतातून लाल अंबाडीची बोंडं गाठोडंभर आणली आणि आल्यागेल्याला चहाऐवजी त्यांचं आंबटढाण सरबत पाजलं. एका पुतण्याच्या लग्नात तर वाढप्याच्या मागोमाग फिरून प्रत्येक पानात लसणाची सोललेली पाकळी टाकली. नवरदेवाच्या पानात दोन. "आजपासून ह्याला गरज लई पडणार," म्हणाले.

मग घरात रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. दूधवाला, पोस्टमन, मी, कुणाचाच दंड सुटला नाही. अक्काला पट्टा बांधला की दाजी अगदी तिच्या तोंडाशी वाकून विचारत, "उतरला का? उतरला?" अक्का शांतपणे म्हणे, "तुम्ही जरा पलीकडं बसा, म्हंजे उतरंल."

पण या धामधुमीच्या खाली एक खरी काळजी होती. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणसं ती आवाजावरून ओळखायची. शस्त्रक्रियेला नेलं की रक्तदाब चढलेला निघे आणि डॉक्टर परत पाठवत. दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा रिक्षात ती एवढंच म्हणाली, "राहू द्या आता. ह्या वयात काय बघायचं राहिलंय?"  दाजी घरी आले ते चपला काढून थेट खलबत्त्यापुढं बसले.

अक्काला दिसत नसल्यामुळं स्वयंपाक दाजींकडंच होता. आता त्यांनी कंबर कसली. न्याहारीला लसणाचा ठेचा, दुपारी अंबाडीची भाजी, वर ओवा-जिरं घातलेलं ताक, आणि तोंडी लावायला कलौंजी घातलेलं लिंबाचं लोणचं. अक्का डॉक्टरांच्या गोळ्याही नेमानं घेत होती. तरी यंत्रातला आकडा खाली यायचं नाव घेईना. उलट चढू लागला. तेव्हा आम्ही तिला या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं पुन्हा नेलं.

"काका, जेवणात काय काय असतं?" त्यांनी विचारलं. दाजींची छाती फुगली. त्यांनी सगळी फौज नावानिशी सांगितली.

"ठेच्यात मीठ किती घालता?"

"मोजून कोण घालतंय मॅडम? हाताला कळतं."

"आणि लोणच्यात?"

"त्याला तर मीठ दाबूनच लागतं. नाय तर टिकत नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, लसूण, मेथी जेवणात असू द्या, चांगलंच आहे. पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवायची नाही. आणि मीठ कमी करा हो! तुम्ही औषध म्हणून रोज मीठच चारताय यांना."

दाजी अक्काकडं वळले. "खारट लागत व्हतं तुला?"

"व्हय."

"मग बोलली का नाय?"

"एवढ्या हौसेनं करता. काय बोलू?"

त्या दिवसापासून दोघांच्याही ताटातलं मीठ जवळजवळ गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं एकट्या अक्काला. पण तिला अळणी वाढून स्वतः चवीनं जेवायला दाजींना जमेना. अळणी पिठल्याचा पहिला घास घेतल्यावर त्यांचा जो चेहरा झाला, तो अक्काला दिसला नाही, हे तिचं नुकसानच. पण हार मानतील ते दाजी कसले! त्यांनी लिंबू पिळलं, जिरं भाजून कुटलं, कोथिंबीर मूठमूठ घातली, वरणात अंबाडीची आंबट पानं शिजवली. इतके दिवस नुसते मिरवणारे मसाले आता खरे कामाला लागले. लगेच फोन आला, "पाव्हणं, जेवायला या! मीठ नाय, अन् कळत बी नाय!" मी गेलो. कळत होतं. तरी दोनदा वाढून घेतलं.

हळूहळू आकडा खाली आला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं श्रेय गोळ्यांना आणि कमी मिठाला दिलं. दाजींनी दालचिनीला, लसणाला आणि थोडंसं चाचांना. शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा दाजी अगदी समोर उभे होते. अक्का डोळे मिचकावत त्यांच्याकडं बघत राहिली.

"अगं बाई, किती वाळलात हो! अन् केस? सगळेच पिकले?"

दाजींनी नर्सचा हात धरून हलवला. "पांढरे दिसले हिला! ऐकलं का, केस पांढरे दिसले!" सगळ्या वॉर्डाला त्यांनी ही बातमी दिली. आपल्या म्हातारपणाची दवंडी एवढ्या आनंदानं पिटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दाजींना जाऊन आता वर्ष होत आलं. अक्का स्वयंपाक पुन्हा स्वतः करते. परवा माझ्यासाठी कोथिंबीर निवडता निवडता तिचे हात थांबले.

"तेव्हा डोळे झाले म्हणून बरं," ती म्हणाली. "नाय तर ह्यांचा नुसता आवाजच राहिला असता माझ्यापाशी."