वर कुणी नव्हतं

लहानपणापासून मी दत्ताचा जप करत आले. त्यात माझं कौतुक काही नाही. आमच्या कर्वेनगरच्या घरात संध्याकाळी दिवा लावावा इतकं ते सहज होतं. पण एक काळ असा आला की माळ ओढताना अकराव्या मण्याशी माझं बोट अडायचं. पुढं सरकायचंच नाही. मी माळ बदलून पाहिली, बसायची जागा बदलून पाहिली. अकरावा मणी आला की मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं वाटायचं, आणि वळून पाहिलं तर मागे फक्त भिंत असायची. शेवटी मी जप सोडला. घरी सांगितलं, नोकरीमुळे वेळ मिळत नाही.

कारण मला ठाऊक होतं. मी वैमानिक व्हायचं ठरवलं तेव्हा आमच्या नात्यात कुणाला ते रुचलं नव्हतं. बाबा शाळेत गणित शिकवायचे. ते सगळ्यांना एवढंच म्हणाले, "तिला जमेल." परराज्यातल्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात मी शिकत होते. लायसन्ससाठी ठरावीक तास उडावं लागतं, आणि माझे थोडेसे तास बाकी असताना क्लबचं एकुलतं एक विमान सुट्या भागांसाठी अडकून पडलं. महिने गेले. लेखी परीक्षांची मुदत संपत आली. तेव्हा तिथले एक शिक्षक म्हणाले, "लिहून टाक. सगळेच लिहितात, सही मी करतो." प्रत्येक उड्डाणाची नोंद करायच्या वहीत मी चार दिवसांची चार उड्डाणं लिहिली, एकटीने केलेली. एकूण अकरा तास. त्या चारही दिवशी मी वसतिगृहाच्या खोलीत बसून होते.

लायसन्स मिळालं, नोकरी मिळाली नाही. तीन वर्षं मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि नोंदवायच्या. त्यात मी चांगली होते, याची मला मनातून लाज वाटायची. मग देशात नव्या विमान कंपन्या निघू लागल्या. लहान शहरांना जोडणाऱ्या एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र मला आलं. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

मुलाखतीच्या दिवशी नेमका पुणे बंद होता. बाहेरगावचे उमेदवार आधीच येऊन पोचले होते, म्हणून मुलाखती स्टेशनजवळच्या हॉटेलात ठरल्याप्रमाणेच होणार होत्या. निघताना बाबा म्हणाले, "जाता जाता बुधवारातल्या गणपतीला हात जोड." मी स्कूटी घेऊन निघाले. सकाळचे साडेनऊ वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं आणि रस्त्यावर माणूस नव्हता. ज्या बुधवार पेठेत एरवी पाऊल ठेवायला जागा नसते, तिथं माझ्या स्कूटीचा आवाज दोन्ही बाजूंच्या शटरवर आपटून परत येत होता. मी गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले. काही मागावं असं तोंडात येईना. मग लवकर पोचावं म्हणून आतल्या गल्लीत शिरले, आणि गल्लीच्या मध्यावर स्कूटी बंद पडली.

किका मारून पाय दुखायला लागला. आवाज थांबला की गल्ली इतकी गप्प व्हायची की कान भरून आल्यासारखे वाटायचे. तारांवर कबुतरं बसली होती, तीही हलत नव्हती. विजेच्या सामानाच्या एका बंद दुकानामागे कुणीतरी चालू ठेवलेला रेडिओ खरखरत होता. त्या खरखरीत मधूनच शब्द असल्यासारखे वाटत, पण कळत नसत. त्या दुकानाला लागूनच एक लहानसं दत्ताचं देऊळ होतं, जेमतेम दोन माणसं बसतील एवढं. दार उघडं होतं, समई तेवत होती. आत नऊवारीतल्या एक आजी मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या भुवईत पांढऱ्या केसांचा एक झुपका होता, तो मला अजून दिसतो.

त्या वर न पाहता म्हणाल्या, "ये. बस इथं."

"आजी, मला उशीर होतोय."

"अकरा तास कुठं होतीस गं?"

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"अकरा तास," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. शाळेतून उशिरा आलेल्या नातीला विचारावं तसा होता. "मी आपली वर बघत बसले होते. वर कुणी नव्हतं."

मी उंबऱ्यावर बसले. रेडिओची खरखर थांबली होती. आजींनी माझ्या तळहातावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवले. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. "जा आता," त्या म्हणाल्या, "सांग जाऊन." मी उठले, किल्ली उचलली. पहिल्याच किकेला स्कूटी सुरू झाली. मागे वळून पाहायचा धीर मला झाला नाही.

मुलाखतीला तीन माणसं होती. मधोमध बसलेले कॅप्टन पुण्याचेच होते, केस पिकलेले, बोलणं तुटक. इंग्रजीत प्रश्न सुरू झाले, मी उत्तरं देत गेले. सगळं चांगलं चाललं होतं आणि तेच मला असह्य होत होतं. त्यांनी माझी नोंदवही उघडली, नुसती पानं चाळली आणि मिटू लागले. त्यांना काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, त्यातले अकरा तास खोटे आहेत."

कॅप्टन मराठीत म्हणाले, "हे आम्हाला कळलं नसतं. मग का सांगताय?"

"तुम्हाला कळलं नसतं, सर. पण त्या वेळी वर कुणी नव्हतं."

त्यांनी वही मिटली. मग ती माझ्याकडे सरकवली. "या आपण," ते म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी भूक लागली, कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले. गणिताच्या मास्तरांच्या मुलीने खोटी बेरीज केली होती. मग म्हणाले, "जेवून घे." सकाळी उठले तर टेबलावर लायसन्स देणाऱ्या कार्यालयाला लिहिलेलं पत्र होतं, बाबांनी स्वतः टाइप केलेलं, घडलेलं सगळं सरळ मांडलेलं. "सही तेवढी कर," ते म्हणाले. मी केली.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं त्या गल्लीत गेलो. गल्ली माणसांनी फुललेली होती. देऊळ होतं तिथंच होतं. शेजारचं विजेच्या सामानाचं दुकान ज्यांचं, ते गृहस्थच देवळाचं पाहत. मी आजींचं वर्णन केलं, भुवईतल्या पांढऱ्या झुपक्यासकट. ते म्हणाले, "ती माझी आई. पण बंदच्या दिवशी म्हणता? अहो, त्या दिवशी आमच्यापैकी कुणी इकडे फिरकलं नाही. देवळाला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. आई पडल्यापासून दोन महिने बिबवेवाडीला घरीच आहे, उठवतही नाही तिला."

बाबा म्हणाले, "मग एकदा कुलूप तपासून घ्या." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा लागला नाही.

ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आई झोपेतून जागी झाली. दोनदा विचारलं, पोरगी पोचली का. आमच्या घरात मुलगी नाही. आम्हाला वाटलं, स्वप्नात असेल." आजींना भेटायला जाऊ का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही बोलावलं नाही. बाबांनी देवापुढे डोकं टेकलं, आणि ते बराच वेळ वर उचललं नाही.

लायसन्स काही महिने काढून घेतलं गेलं. ते अकरा तास मी दुसऱ्या क्लबात जाऊन उडाले, परीक्षा पुन्हा दिल्या. दीड वर्षाने त्याच कंपनीने मला परत बोलावलं. समोर तेच कॅप्टन होते. त्यांनी वहीतलं प्रत्येक पान बोट फिरवत वाचलं आणि म्हणाले, "सोमवारपासून या." माझी माळ कधी पुढं सरकू लागली, ते मला नेमकं आठवत नाही. त्या आजी कोण होत्या, कुलूपबंद देवळात समई कुणी लावली होती, याचा शोध मी घेतला नाही. माझ्यासाठी कुणीतरी उघड्या दारात बसून होतं, एवढं मला पुरतं.

नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यातली एक सकाळ सांगते. एका लहान शहरात उतरत होतो, खाली दाट धुकं. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर विमान पुन्हा वर घ्यायचं असतं. मी सहवैमानिक होते. विमान चालवणारे कॅप्टन माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आणि त्या दिवशी आम्हाला आधीच उशीर झालेला. ते म्हणाले, "मला दिवे दिसतायत. तुला?" मी पाहिलं. सगळं पांढरं होतं. एवढ्या अनुभवी माणसाला नाही म्हणायला माझी जीभ पूर्वी वळली नसती. "मला दिसत नाहीत, सर," मी म्हटलं. "वर घ्या." त्यांनी क्षणभर दात आवळले आणि विमान वर घेतलं. पुढं धुकं विरेल की नाही, कुठं उतरू, काहीच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं मला जड वाटलं नाही. अर्ध्या तासाने धुकं फाटलं. उतरताना कॅप्टन उजवीकडे खाली बघत हळूच म्हणाले, "ते दिवे बघ. मघाशी मला दिसले ते हेच. हमरस्ता आहे तो." मागे बसलेल्या लोकांना यातलं काही कळलं नाही, कुणाचं तरी मूल गाणं म्हणत होतं. उतरताना हात जोडता येत नाहीत, ते कामात असतात. मी मनातच नमस्कार केला आणि चाकं जमिनीला टेकली.