अण्णांचा खुबा आणि गाडीचा शाफ्ट

माझ्या हातून आजवर एकच सुटा भाग बदलला गेला आहे, आणि तो माझ्या वडिलांचा.

बदलायला निघालो होतो गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. बदलला गेला अण्णांचा डावा खुबा. मी एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. ‘घटना कशी घडली’ या रकान्यात लोक काय काय लिहितात, ते वाचून बावीस वर्षं मी मनातल्या मनात हसत आलो. तेव्हा आता स्वतःची घटना क्रमानं सांगणं मला भाग आहे.

आमचं घर चामराजपेटेत, एका अरुंद गल्लीत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि भांडण असलं की दोन्ही. घरात तिघं: अण्णा, मी आणि माझी बायको वनिता. अण्णा सरकारी कारखान्यात फिटर होते. गल्लीतला एकही नळ, पंप किंवा शिलाई मशीन असं नसेल, ज्याला त्यांचा हात लागला नाही. पुढं त्यांना कंपवात झाला. हात थरथरू लागले, म्हणून चहा अर्धाच ग्लास द्यायचो. आवाज बारीक झाला आणि बोलणं इतकं संथ, की एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा माणूस मान डोलवून निघून गेलेला असायचा. (समोरचा माणूस बहुतेक वेळा मीच असायचो.)

आमची गाडी पंचवीस वर्षांची. छोटी, पांढरी, अण्णांनी निवृत्तीआधी घेतलेली. तिला एका थंडीत एक रोग जडला. उजवीकडे वळताना चाकातून टक-टक-टक असा आवाज. मी ती एका चकचकीत गॅरेजात नेली. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, "शाफ्ट गेलाय सर. पण आता हिच्यावर कशाला मेहनत? भंगारात द्या." अण्णा मागच्या सीटवर होते. रात्री ते जेवले नाहीत.

मला ते बघवलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "शाफ्ट मी बदलणार. घरीच."

वनितानं विचारलं, "कोण?"

"मी."

"अहो, मिक्सरचं भांडं फिरत नव्हतं तेव्हा तुम्ही झाकण उलटं बसवलं होतंत."

पण मी व्हिडिओ पाहिला होता. त्यातल्या माणसानं अठरा मिनिटांत शाफ्ट बदलला होता, तोही शिट्टी वाजवत. मी माझ्यासाठी दोन तास धरले. विमा कंपनीत राहून सावधपणा अंगात येतो.

शनिवारी जे. सी. रोडवर सुटे भाग आणायला गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "लेफ्टा, राइटा?" डावा की उजवा. हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. आवाज उजवीकडे वळताना येतो, म्हणजे बिघाड उजव्या चाकात, हे मी गृहीत धरलेलं. मग मी डोळ्यांसमोर गाडी आणली. ती नेमकी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचं ड्रायव्हरकडचं, म्हणजे उजवं चाक माझ्या डाव्या हाताला आलं. "लेफ्ट," मी ठामपणे म्हणालो.

घरी आलो तर अण्णा दारातच खुर्ची टाकून बसलेले. त्यांना तो भाग हातात घेऊन बघायचा होता.

"कुठल्या... बाजूचा?"

"उजव्या."

"उजवीकडे वळताना... वाजतं ना?"

"म्हणून तर."

"अरे मग... भार..."

"उद्या बघू अण्णा," म्हणत मी आत गेलो. मला व्हिडिओ पुन्हा एकदा बघायचा होता.

रविवारी सकाळी कामाला लागलो. आमच्या दारापुढची जमीन गटाराकडं उतरती, म्हणून मी गाडी पुढं नेऊन गल्लीच्या मधोमध, जरा सपाट जागेवर उभी केली. गल्लीत दुसरी चारचाकी नाही. समोरच्या राजम्मा अक्कांनी खिडकीतून विचारलं, किती वेळ? "दोनच तास अक्का." त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

चाकाच्या मध्यभागी एक मोठा नट असतो. तो सुटताना चाक फिरू नये म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. ते काम वनिताकडं. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, पाय ब्रेकवर आणि मांडीवर अवरेकाईच्या शेंगांची टोपली. मी पान्याला पाइप लावला आणि त्यावर उभा राहिलो. मग त्यावर उड्या मारल्या. टोपलीतल्या निम्म्या शेंगा सोलून झाल्या तेव्हा कुठं नट हलला. वनिता उठून आत स्वयंपाकाला गेली. अण्णा दारातून बघत होते. मध्येच त्यांचा हात वर व्हायचा, ओठ हलायचे. मी लांबूनच "हो हो, माहितेय" म्हणायचो.

जॅक लावला, चाक काढलं. पुढचं सगळं व्हिडिओप्रमाणं झालं, फक्त अठरा मिनिटांऐवजी अडीच तासांत. शेवटी पहार घालून शाफ्टला हिसका दिला आणि तो गिअरबॉक्समधून सुटून माझ्या मांडीवर आला. त्या भोकातून आता गिअरचं तेल बाहेर पडणार, हे व्हिडिओत सांगितलं होतं. त्यासाठी मी वनिताची परातही आणली होती. पण परात माझ्या मागं होती. तेल पुढं गेलं. काळं, चिकट तेल गल्लीच्या उतारावरून आमच्या दाराच्या दिशेनं निघालं.

मी तिकडं लक्ष दिलं नाही, कारण मी नवा आणि जुना शाफ्ट शेजारी ठेवले होते. नवा जुन्यापेक्षा वीतभर आखूड होता. मी तो उलटा करून ठेवला. तरी आखूडच. डाव्या आणि उजव्या बाजूच्या दांड्यांची लांबी वेगळी असते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि दुकानात डोळ्यांसमोर आलेली गाडी कुठं तोंड करून उभी होती, तेही.

माझा चेहरा बघून अण्णा उठले. दोन वर्षांत कुणी त्यांना काही दुरुस्तीला बोलावलं नव्हतं. आज बोलावलं नव्हतं तरी ते आले. पहिलं पाऊल नीट पडलं, दुसरंही. तिसरं तेलात पडलं.

तो आवाज मी सांगणार नाही.

मी धावलो. ते जमिनीवर कुशीवर पडले होते. म्हणाले, "काही नाही." मग थोड्या वेळानं, "पाय... माझा वाटत नाही." मी त्यांना उचलायला वाकलो, तशा राजम्मा अक्का खिडकीतून गरजल्या, "मुट्टबेडी. हात लावू नका." वनिता बाहेर आली, तिनं सगळं पाहिलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. मी तिथं अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो. माझे दोन्ही हात तेलानं काळे होते, म्हणून त्यांच्या कपाळावर आलेला घाम मला पुसताही येईना.

अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली. गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली.

"गाडी काढा," ड्रायव्हर म्हणाला.

"निघत नाही."

"ढकला."

"चाक नाहीये."

त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज बघत आलोय.

गाडीच्या एका अंगाला विजेचा खांब, दुसऱ्या अंगाला चाकाचा उघडा पडलेला सांगाडा आणि तेल. स्ट्रेचर कुठूनच जाईना. शेवटी गल्लीतले सहा जण जमले आणि त्यांनी अण्णांना स्ट्रेचरसकट खांद्याच्या उंचीवर उचलून गाडीच्या बॉनेटवरून पलीकडं दिलं. मी खाली उभा राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो. (माझा तेवढाच उपयोग होता.) अण्णा वेदनेनं पांढरे पडले होते. पण इंजिनावरून जाताना त्यांनी मान कलती केली, उघड्या चाकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "जॅकखाली... फळी नाही ठेवलीस."

हॉस्पिटलात नर्सनं फॉर्म पुढं करून विचारलं, "पेशंटसाठी जबाबदार कोण?" राजम्मा अक्का, अक्कांचे यजमान आणि वनिता, तिघांनी माझ्याकडं बघितलं. मी सही केली. सहीवर तेलाचा अंगठा उमटला.

खुब्याचा गोळा मोडला होता. तो काढून धातूचा बसवावा लागणार होता. या वयात, या आजारात भूल देण्यात धोका आहे, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. त्या रात्री मी आणि वनिता बाकावर बसून होतो. मी म्हणालो, "चूक झाली." ती म्हणाली, "हो." एवढंच आमचं बोलणं. तिनं "असू दे" म्हटलं असतं तर मला तिथंच रडू आलं असतं, आणि तिला ते माहीत असावं.

सकाळी डॉक्टर अण्णांच्या पायावर शाईची खूण करायला आले. अण्णांनी त्यांचा हात धरला. "डावा पाय डॉक्टर. माझ्या बाजूनं... डावा. तुमच्या नव्हे." मी भिंतीकडं पाहिलं. मग त्यांनी धातू कुठला, गोळा किती मिलिमीटरचा, खोबणीत किती मोकळीक ठेवता, असं सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला एकेक मिनिट लागत होतं. त्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसून ऐकलं. शेवटपर्यंत. ते निघून गेल्यावर अण्णा माझ्याकडं वळले.

"उजवीकडे वळताना... भार बाहेरच्या चाकावर येतो. डाव्या. म्हणून खराब... डावाच होता."

शनिवारी दारात अडलेलं वाक्य ते हेच. आठ-दहा शब्दांचं. मला तेवढा वेळ नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मुनियप्पा नावाचे, अण्णांच्या ओळखीचे म्हातारे मेकॅनिक आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दोन्ही शाफ्ट बघितले आणि म्हणाले, "सार, पार्ट तुम्ही बरोबर आणलात. चाक चुकीचं काढलंत." मी काढलेला चांगला शाफ्ट त्यांनी जागेवर घातला, मी आणलेला डाव्या बाजूला बसवला. तासाभरात गल्ली मोकळी. आवाज कायमचा गेला. म्हणजे या सगळ्या प्रकरणात माझा एकच निर्णय योग्य ठरला, आणि तो मी चुकून घेतला होता.

अण्णा घरी आले. वॉकर घेऊन खोलीतून दारापर्यंत जायचे, तिथं थोडं बसायचे. उंबरा ओलांडून गल्लीत मात्र पुन्हा गेले नाहीत. भेटायला येणारे विचारायचे, "कसे पडलात?" पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "बाथरूममध्ये. घसरलो." पुढंही प्रत्येकाला हेच. मी कधी "अण्णा, खरं सांगू या" म्हटलं नाही. मला ते सोयीचं होतं.

मला सोयीचं होतं, वनिताला नव्हतं. कारण बाथरूम म्हटलं की लोक सुनेकडं बघतात. "फरशी कोरडी ठेवत जा गं." "साबणाचं पाणी राहत असेल." नातेवाईक येताना रबरी चटया आणू लागले. पाच चटया झाल्या. वनिता प्रत्येक चटई "थँक्स" म्हणून घ्यायची, आत आणून ठेवायची आणि जाताना माझ्याकडं एकदा बघून घ्यायची.

दीड वर्षानं अण्णा गेले. झोपेत, हृदय थांबून. पायाचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला निघालो तेव्हा वनितानं माझा हात धरून खाली बसवलं.

तेराव्याच्या जेवणाला नात्यातली पन्नासेक माणसं होती. मल्लेश्वरमची कमलाआत्या, अण्णांची धाकटी बहीण, पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्या ओल्या बाथरूमनं माझ्या भावाचे पाय नेले. जरा कुणी लक्ष दिलं असतं तर." वनिता आमटी वाढत होती. तिची पळी हवेतच थांबली.

मी उठून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी पन्नास माणसांपुढं बोलत होतो. "बाथरूम नाही आत्या. मी." मग सगळंच सांगितलं. शाफ्ट, परात, तेल, गल्लीत अडकलेली गाडी, बॉनेटवरून नेलेले अण्णा, ऐकून न घेतलेलं वाक्य. कुणी घास उचलला नाही.

आत्यानं पदरानं डोळे टिपले.

"ऐकलंत?" ती सगळ्यांना म्हणाली. "बायकोवर बोल येऊ नये म्हणून किती रचून सांगतोय बिचारा. गाडी म्हणे यानं उघडली. याला सायकलची चेन बसवता यायची नाही." मग वनिताकडं वळून, "नशीब काढलंस हो तू."

मी पुन्हा तोंड उघडलं, तर शेजारच्या पानावरच्या काकांनी माझ्या पाठीवर थोपटून मला खाली बसवलं. "पुरे बाळा. कळलं आम्हाला." वनिता वाढत वाढत माझ्या पानापाशी आली. आमटी वाढताना वाकून, फक्त मला ऐकू येईल अशी म्हणाली, "जेवा आता."

हल्ली आमच्या नात्यात कुणाचं लग्न ठरलं की आत्या नवऱ्यामुलाला बाजूला घेते आणि माझ्याकडं बोट दाखवून सांगते, बायकोला कसं जपावं ते याच्याकडून शिक. मुलगा येऊन माझ्या पाया पडतो. मी आशीर्वाद देतो.