बसम्माचं मुकं यंत्र

उदगीरच्या बाजारात मंजुश्रीचं श्रवणयंत्रांचं छोटं केंद्र आहे. लातूरला बरी नोकरी मिळत होती, तरी ती गावी परतली. ऐकू येत नाही म्हणून तिचे वडील जन्मभर चारचौघांत बसायचं टाळत आले होते. हे ती कुणाला सांगत नसे. जळकोटकडून, पार बिदरच्या शिवेवरून माणसं यायची. त्यांच्या कानांशी ती तासन्‌तास झटत बसायची.

त्या आठवड्यात तिचा जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आणून तिनं त्यावर सगळं भरलं, जुन्या यंत्रांसाठी लागणारा प्रोग्रामसुद्धा. तो उघडला तेवढ्यावर तिनं समाधान मानलं.

शुक्रवारी सकाळी उमाशंकर आपल्या आईला, बसम्माला घेऊन घाईघाईनं आत आला.

"ताई, आप्पांच्या डोक्यात गाठ हाय. लातूरला ॲडमिट केलंय, दुपारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आधी भेटून घ्या. अन् अव्वाचं यंत्र नुसतं शिट्टी मारून राहिलंय. तिला आप्पांचं बोलणं ऐकू यायला पाहिजे."

मंजुश्रीनं यंत्राला वायर जोडली, आवाजाची मापं बदलली आणि ती यंत्रात भरायचा हुकूम दिला. पट्टी अर्ध्यावर आली आणि पडद्यावर चौकट उमटली : एक सिस्टीम फाइल सापडत नाही, किंवा तिची नोंद नाही. प्रोग्राम बंद पडला.

तिनं यंत्र बसम्माच्या कानात घातलं. शिट्टी थांबली होती, पण आवाजही गेला होता.

"कायबी येईना गं," बसम्मा मोठ्यानं म्हणाली.

"आधी निदान शिट्टी तरी वाजत होती!" उमाशंकर भडकला.

 बसम्माच्या कानाला पुरेल इतक्या ताकदीचं दुसरं यंत्र केंद्रात नव्हतं.

तिनं इंटरनेटवर त्या फाइलचं नाव टाकलं. एका साइटवर ती फुकट मिळत होती. उतरवून घेतली, तशी अँटिव्हायरसनं लाल सूचना दिली. 'तरीही चालू ठेवा' या बटणावर तिचं बोट थांबलं. यात काही खोट निघाली तर याच कॉम्प्युटरवरची सगळ्या पेशंटांची मापं जाणार. तिनं ती फाइल काढून टाकली.

कोपऱ्यात जळालेल्या कॉम्प्युटरचा डबा पडून होता. त्याची हार्डडिस्क जिवंत असेल की नाही, देव जाणे. तिनं स्क्रू काढले, डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क कुरकुरली, थांबली, मग फिरू लागली. हवी ती फाइल तिथं होती! तिनं ती उचलून नव्यात टाकली, प्रोग्राम लावला.

पुन्हा तीच चौकट.

"ताई, जीपवाला थांबना झालाय," उमाशंकर म्हणाला. "जाऊ का आम्ही?"

"थोडं थांबा, दादा."

तिनं स्वतःला बजावलं, घाई नको. नुसती फाइल टाकून भागत नाही, विंडोजला ती कळवावी लागते. शिवाय नव्या विंडोजमध्ये जुन्या धाटणीच्या फाइलींचा फोल्डर वेगळा असतो आणि तिनं ती भलतीकडंच टाकली होती. तिनं फाइल योग्य जागी हलवली, ॲडमिनच्या अधिकारानं कमांडची काळी खिडकी उघडली आणि नोंदीचा हुकूम टाइप केला. स्पेलिंग दोनदा चुकलं. अखेर उत्तर आलं : नोंद झाली.

पुन्हा वायर, पुन्हा ती पट्टी. अर्ध्यावर येताच तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पट्टी पूर्ण भरली होती.

यंत्र बसम्माच्या कानात घालून ती तिच्या मागं जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अव्वा, काही खाल्लंत का?"

"कुठलं खाणं गं," म्हणत बसम्मा वळली आणि तिला रडू फुटलं.

संध्याकाळी उमाशंकरचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, त्याचे आप्पा, सिद्रामप्पा, वाचले होते. मात्र ऑपरेशननंतर गेलेली त्यांची वाचा काही परत आली नाही, हे पुढं महिन्याभरानं कळलं, बसम्मा यंत्राचे सेल न्यायला आली तेव्हा.

"त्या दुपारी काय बोलले, अव्वा?" मंजुश्रीनं विचारलं.

"लई बोलले," बसम्मा पदर सावरत म्हणाली. "सगळं ऐकलं मी."

तिनं सेल पिशवीत टाकले आणि नवऱ्याच्या दुपारच्या औषधाची वेळ झाली म्हणून ती उठली.