दुसऱ्याच दिलीपकडे निघालेली हमीदाआपा

खरं सांगते, त्या दिवसांत मी देवीवर पार वैतागले होते. वज्रेश्वरीला नवस बोलून झाला, मंगळवार धरून झाले, तरी माझा धाकटा भाऊ दिलीप अंथरुणात विरतच चालला होता. तो ट्रकवर असायचा. एड्स कळला तोच शेवटच्या टप्प्यात; औषधं सुरू केली, पण शरीराने ती घेतली नाहीत. "आता घरीच सांभाळा," म्हणून डॉक्टरांनी आम्हाला आमच्या गावी, कोनला, परत पाठवलं. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. चुलते दारातूनच चौकशी करून जायचे. सासर सोडून आलेली मी एकटी, हातात दोन-दोन मोजे चढवून त्याला भरवायची. तोंड आतून पांढरं पडलेलं. घोट गिळताना तो कळवळायचा, पेज सांडायची, आणि मी त्याच्यावर खेकसायची.

एका सकाळी चौथ्यांदा चादर बदलली आणि मी तसबिरीसमोर ओरडले, "वाचवायचं न्हाय ना तुला? मग मी काय करू ते तरी सांग!"

आतून क्षीण आवाज आला, "बाय, देवीला कशाला बोलतंस? ती दमली आसंल."

तेवढ्यात दार वाजलं. बुरख्यातली एक बाई उभी. "दिलीपभाई का घर यही है?"

गावभर बोभाटा झाला, असंच मला वाटलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?" मी तिच्या अंगावरच गेले. ती गडबडली, हातातला कागद पुन्हा वाचू लागली. तिला खाडीकडच्या आळीतल्या दुसऱ्याच दिलीपकडे जायचं होतं. माफी मागून ती वळली आणि दिलीप कण्हला. तिने चपला काढल्या.

ती हमीदाआपा. नवरा याच आजाराने गेल्यावर ती एका संस्थेतर्फे घरोघरी अशा रुग्णांची सेवा करायची. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून तिने दिलीपचं तोंड पुसलं, त्याला कुशीवर वळवून पाठीशी उशी लावली. "गोली दर्द से पहले देना, घड़ी देखके. और बहन, खून या जख्म को हाथ लगाना हो तभी मोजे. माथे पे हाथ फेरने को मोजे क्यों?"

मी मोजे काढले. किती दिवसांनी त्याच्या कपाळाला माझा हात लागला. त्याने डोळे मिटून घेतले.

आपा त्या दिवशी दुसऱ्या दिलीपकडे उशिरा पोचली, पण त्यानंतर आमच्याकडेही येत राहिली. तिनेच डॉक्टरांशी बोलून दुखण्यावरचं जोरदार औषध मिळवून दिलं. आपा आल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, न कळवळता दिलीप गेला.

त्याला वाचव, एवढंच मी मागत राहिले, आणि त्या हट्टात त्याला नीट मरूही देत नव्हते. मागणं सोडल्यावरच मला त्याच्याजवळ बसता आलं. देवीवर मी आजही कधीमधी चिडते. ते तिला चालतं, असं वाटतं. पण मंगळवारी हात जोडते, तेव्हा आता काही मागत नाही. ते अकरा दिवस मिळाले, एवढंच तिला सांगते.