पोळ्या, पाहुणे आणि माझं ओरडणं

पोरगी नववीत गणितात दोनदा आपटली. तिसरी आणि शेवटची परीक्षा उद्यावर आली होती. त्यातही आपटली तर शाळा तिला पुन्हा नववीतच बसवणार होती. मैत्रिणी पुढे जाणार आणि ही मागे राहणार, या विचारानं माझा जीव कासावीस होत होता. तसं सांगायचं सोडून मी ओरडत होते. ते मला जास्त चांगलं जमतं.

"एक्स आपल्या मर्जीचा, वाय त्याच्या मागं जाणारा. पाहुण्यामागे तीन पुरणपोळ्या, वर नैवेद्याच्या दोन. वाय बरोबर तीन एक्स अधिक दोन. पाहुणे एक्स, पोळ्या वाय. समजलं?"

"नाही. आपल्या घरी उलटं आहे. पप्पा आधी डब्यात पोळ्या किती उरल्या ते पाहतात, मग बाजारातल्या कमानिया गेटवर जो भेटेल त्याला 'चलो भैया, खाना खा के जाओ' म्हणतात. पोळ्या एक्स आहेत."

पेपरामागून तिचे पप्पा फिसकन हसले. खरं होतं, म्हणूनच मी जास्त भडकले.

"मग तूच दे उदाहरण."

तिनं वहीत दोन रेषा काढल्या. आडवीवर लिहिलं, 'मम्मी का चिल्लाना'. उभीवर 'मार्क्स'. वीसपासून सुरू झालेली रेघ घसरत खाली आली. वाय बरोबर वीस वजा दोन एक्स.

"उलटं काढलंस. मार्क कमी येतात म्हणून मी ओरडते. मार्क एक्स."

"मग पेपरच्या आधी काहून ओरडून राहिली? मार्क तर अजून आलेच नाहीत."

मी गणितात बीएससी आहे. मला भारी लाज वाटली.

"एक्स शून्य ठेवून बघ ना," ती हळूच म्हणाली. "आजच्या दिवस."

मी चहा केला आणि तिच्या शेजारी गप्प बसले. तिचं तिसरं गणित चुकलं. मी जीभ दातांखाली धरली. तिनं स्वतःच खोडलं, पुन्हा मांडलं, बरोबर केलं, आणि एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

वीसपैकी तेरा आले. ती दहावीत गेली. तिच्या सूत्राप्रमाणे वीस यायला हवे होते, हे मी बोलून दाखवलं नाही.