बाहीची पट्टी, कॉलरची चांदणी

द्रेव्हन्याक साहेबांच्या बाहीवरची पट्टी मी कच्च्या टाक्यानंच शिवायचो. मी तसा विमानांचा मेकॅनिक. पण बाप शिंपी, म्हणून महायुद्धात इंग्रजांच्या हवाईदलाकडून लढणाऱ्या आमच्या पोलिश स्क्वाड्रनची सुई माझ्याच गळ्यात पडलेली.

बाही इंग्रजांची, कॉलर आमची. माणूस ज्या जागेवर बसेल तिची पट्टी इंग्रज बाहीवर चढवायचे आणि जागा गेली की उतरवायचे. कॉलरवरच्या चांदण्या मात्र लंडनमधलं आमचं मुख्यालय द्यायचं. त्यांना कसली घाई नव्हती.

तुकडीचा प्रमुख विमानासकट गेला, की साहेबांना त्याच्या जागी बसवत. पट्टी वाढायची. मग लंडनच्या कचेरीतून जास्त चांदण्यांचा कुणी यायचा, आणि पट्टी उसवायची. असं तीनदा झालं.

"साहेब, बाहीला बटणंच लावून देऊ का? लावा-काढायला बरं."

"बडबड नको लुडेक. उसव." बूटही न काढता ते खाटेवर आडवे झाले. पट्टी गेली तरी उड्डाणं तेवढीच होती.

त्यांचा जीव कॉलरवर. दोन चांदण्या होत्या. तिसरी आली की कॅप्टन. तिकडं पोलंडात, ल्वूव शहरात स्तेफानिया त्यांच्यासाठी थांबली होती, पण तिचा बाप जुना घोडदळवाला. कॅप्टन होऊन या, मग पोरगी देतो, असं त्यानं तोंडावर सांगितलेलं.

"बाहीवर सोनं मढवलं तरी म्हातारा बघायचा नाही," साहेब म्हणत. "कॉलर तेवढी चाचपेल."

लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात तिसरी चांदणी आली. माझा जोडीदार हिपोलित कोट घेऊन आला. "घे लुडेक, नवरदेवाचा कोट आलाय. टाका वाकडा पडला तर म्हातारा तुला घोड्याखाली घालंल."

त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं, की मोठ्या देशांनी बसून ठरवलं, ल्वूव रशियाला. आमच्या वर्दीतल्या माणसाला तिथं पाय ठेवायची सोय उरली नाही. मेसमध्ये बीटचं सूप कुणी गरम करून मागितलं नाही.

साहेब माझ्या खोपटात आले, पेटीवर बसले. कोट माझ्या मांडीवर, चांदणी हातात. मी सवयीनं विचारलं, "कच्ची शिवू की पक्की?"

त्यांनी सुई उचलून माझ्या हातात दिली.

"पक्की शिव," म्हणाले. "ही आता चाचपणार कोण, नि काढणार कोण."